हरताळ कोणी पाळायचा?

मराठी वर्तमानपत्रांत 'हरताळ' हा शब्द अजून नेमाने भेटतो, पण बहुतेक वेळा तो फासलेला असतो. निविदेच्या नियमांना हरताळ, विकास आराखड्याला हरताळ, न्यायालयाच्या आदेशाला हरताळ. हा हरताळ म्हणजे संस्कृतातलं हरिताल, गंधक आणि सोमल यांच्या संयुगातून बनलेलं पिवळं खनिज. पोथ्या नकलून काढणाऱ्यांकडे खोडरबर नव्हतं. अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप द्यायचा आणि तो वाळला की वर बरोबर अक्षर लिहायचं. जुन्या हस्तलिखितांत मध्येच जे पिवळे डाग दिसतात ते या लेपाचे. लेखनिकाच्या हातात ती दुरुस्ती होती. वाक्प्रचारात आली तेव्हा दुरुस्ती गेली आणि पुसून टाकणं तेवढं उरलं.

दुसरा हरताळ फासला जात नाही, पाळला जातो. त्याचं या खनिजाशी काही नातं नाही. (भाद्रपदातल्या हरतालिकेशी तर दोघांचंही नाही. तिथे पार्वतीला पळवून नेणाऱ्या सखीची गोष्ट आहे.) हा हरताळ म्हणजे गुजराती हडताळ. हाट म्हणजे दुकान किंवा बाजार आणि ताळुं म्हणजे कुलूप. हिंदीने 'ड़' जपल्यामुळे तिथे हड़ताल आणि हरताल हे दोन शब्द वेगळे राहिले. मराठीने दोघांना एकाच उच्चारात कोंबलं. हाट आणि टाळं हे दोन्ही तुकडे आपल्याकडे होतेच, बाजारहाटाला आपण जातो आणि टाळं ठोकतोही, तरी जोडशब्द मात्र व्यापाऱ्यांच्या भाषेतून आयता आला. 'हर ताला', म्हणजे प्रत्येक दाराला कुलूप, अशीही फोड कोणी कोणी करतं. ती ऐकायला गोड आहे, पण 'हाट' हाताशी असताना तिची गरज नाही.

हे सगळं शब्दांच्या हौसेपोटी सांगत नाही. कोणत्या प्रकारचा निषेध कायदेशीर आणि कोणता बेकायदा, हे आपल्याकडे गेली २५ हून जास्त वर्षं या शब्दाच्या अर्थावर ठरतं आहे. १९९७ साली केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बंद पुकारणं घटनाबाह्य ठरवलं आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. निकालाचा सगळा भार एका भेदावर होता. हरताळ किंवा सार्वत्रिक संप वेगळा आणि 'बंद' वेगळा, कारण बंदच्या हाकेतच धमकी दडलेली असते: बाहेर पडलात तर काय होईल ते तुमचं तुम्ही बघा. न्यायाधीशांनी भेद अचूक पकडला होता असं माझं मत आहे. पण तो नावाला चिकटवून ठेवल्यामुळे पुढे जे घडलं ते मजेशीर आणि चीड आणणारंही आहे. केरळातल्या पक्षांनी बंद पुकारणं थांबवलं आणि हरताळ पुकारायला सुरुवात केली. बंद दुकानं तीच, रस्त्यात अडवलेल्या बस त्याच, दगडही तेच. फलकावरचा शब्द तेवढा बदलला. शेवटी जानेवारी २०१९ मध्ये त्याच उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की हरताळ करायचा तर सात दिवस आधी जाहीर सूचना द्या. ज्या शब्दाला न्यायालयाने स्वेच्छेचं प्रमाणपत्र दिलं होतं, त्याच्याच आडून सक्ती आत शिरली.

म्हणजे नावावर बंदी घालून काही साधत नाही. पण नावात जे सांगितलं आहे ते वाचलं तर बरंच काही साधू शकतं. हरताळात एक कृती आहे आणि तिचा कर्ता ठरलेला आहे. दुकान ज्याचं, कुलूप त्याचं, आणि ते लावणारा हातही त्याचाच. नुकसानही आधी त्याचंच होतं. मराठीने हे क्रियापदात अजून जपलं आहे. हरताळ आपण 'पाळतो', जसं सुतक पाळतो, व्रत पाळतो, शब्द पाळतो. बंद मात्र 'पुकारला' जातो. पुकारणारा एक आणि ज्याचा धंदा बुडतो तो दुसराच. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मग 'कडकडीत बंद पाळण्यात आला' असं छापून येतं. त्या कर्मणी प्रयोगात पाळणारा कोण, हा प्रश्न अलगद नाहीसा होतो.

बंदच्या दिवशी कुठल्याही बाजारपेठेत सकाळी दहाला चक्कर मारा. किराणा दुकानाचं शटर गुडघ्याइतकं वर असतं. बाहेर पायरीवर एक पोरगा बसलेला, नजर नाक्याकडे. गिऱ्हाईक आलं की तो आत वाकून सांगतो, "शेठ, दोन किलो साखर," आणि शटरच्या फटीतून पिशवी बाहेर येते. मोटारसायकलींचा ताफा दिसला की शटर खाली. ताफा गेला की पुन्हा गुडघ्याइतकं वर. आदल्या संध्याकाळी दोघेजण हसतमुखाने येऊन गेलेले असतात. "उद्या आपला बंद आहे, काका. सहकार्य करा." सहकार्य हा शब्द उच्चारताना त्यांची नजर काचेच्या शोकेसवर असते. या दुकानदाराला कदाचित कारण पटलेलंही असेल. पण त्याला पटलं की नाही हे कोणालाच कळणार नाही, कारण त्याला कोणी विचारलेलंच नाही. मला सक्तीचा सगळ्यात मोठा तोटा हा वाटतो. ज्याने मनापासून दुकान बंद ठेवलं त्याच्या निषेधाचीही किंमत ती शून्य करून टाकते.

जुना हरताळ असा मुका नव्हता. १६६९ साली सुरतेच्या काझीच्या जाचाला कंटाळून हजारो वाणी-व्यापारी दुकानं बंद करून भडोचला निघून गेले आणि काही महिन्यांनी, डिसेंबरात, मनासारखं आश्वासन मिळाल्यावर परतले. त्याच सुरतेने १८४४ साली मिठावरच्या वाढीव कराविरुद्ध आणि १८४८ साली लादलेल्या नव्या वजनमापांविरुद्ध कंपनी सरकारला मागे हटायला लावलं. काशीत १८१० च्या डिसेंबरात घरपट्टीविरुद्ध लोकांनी सगळे व्यवहार थांबवले. पुढे इतिहासाचे अभ्यासक धर्मपाल यांनी इंग्रज अधिकाऱ्यांची त्या वेळची पत्रं छापली. त्यांत दिसतं ते असं की पुढाकार लोहारांचा होता आणि मग एकेका धंद्याची जातपंचायत त्यात उतरत गेली. शेवटी घरपट्टी रद्द झाली. आता पंचायतीने सांगितलं म्हणून पाळायचं यात सक्ती नव्हती असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. वाळीत टाकण्याची भीती दगडापेक्षा कमी नसते. तरी प्रत्येक धंद्याला स्वतःपुरता निर्णय घ्यावा लागत होता, आणि नुकसान किती दिवस सोसायचं हे सोसणारेच ठरवत होते.

गांधींनी हा शब्द देशभर नेला तेव्हा त्यांच्यातला गुजराती वाणी जागा होता. रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ करावा ही कल्पना आपल्याला मद्रासमध्ये असताना स्वप्नात सुचली, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. तारीख आधी ३० मार्च १९१९ होती, नंतर ६ एप्रिल ठरली. त्यांनी काढलेल्या सूचना वाचल्या तर आजचे पुढारी चक्रावतील. चोवीस तासांचा उपवास, बाजार बंद, लोकोपयोगी कामं मात्र चालू, आणि ज्यांना रविवारीही कामावर जावं लागतं त्यांनी आधी मालकाची रजा घेऊनच काम थांबवायचं. रजा घेऊन! ६ एप्रिल हा रविवार होता, हेही लक्षात घ्यायला हवं.

पण अडीच वर्षांनी मुंबईत काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं स्मरणरंजन होईल. १७ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला. त्या दिवशी हरताळ होता. जे स्वागताला गेले, ज्यांनी हरताळ पाळला नाही, त्यांच्यावर, विशेषतः पारशी, ख्रिस्ती आणि युरोपियन लोकांवर जमाव चालून गेला. विलायती टोप्या उतरवून घेतल्या गेल्या, दुकानं फुटली, दंगल काही दिवस चालली, पन्नासहून अधिक माणसं मेली. गांधींनी उपवास आरंभला आणि हे असलं स्वराज्य आपल्याला नको अशा अर्थाचं फार कडवट लिहिलं. तेव्हा शब्द जुना आणि पवित्र असला की कृतीही तशीच राहते, असं काही नाही. हरताळाच्या सोन्याच्या दिवसांतच तो एकदा उलटला होता.

हा शब्द सीमा ओलांडून गेला तेव्हाही त्याचा सांगाडा कधी टिकला, कधी मोडला. मलायात २० ऑक्टोबर १९४७ ला देशभर 'हरताळ' झाला तो याच नावाने. ब्रिटिशांच्या नव्या संघराज्याच्या मसुद्याविरुद्ध चिनी व्यापारी, मलय आणि भारतीय संघटना एकत्र आल्या होत्या. त्यात पुढे असलेले तान चेंग लॉक यांनी युद्धाचा काळ भारतात काढला होता. चेंबर ऑफ कॉमर्सने दुकानं बंद ठेवण्याचा निर्णय घेणं हे मूळ अर्थाच्या अगदी जवळचं. श्रीलंकेत १२ ऑगस्ट १९५३ चा हरताळ मात्र तांदळाचा होता. सरकारने अनुदान काढल्यामुळे रेशनच्या तांदळाचा भाव मापाला २५ सेंटवरून ७० सेंटवर गेला आणि डाव्या पक्षांनी हाक दिली. दुकानांबरोबर रेल्वे थांबली, रस्ते खणले गेले, मंत्रिमंडळाने कोलंबोच्या बंदरात उभ्या असलेल्या 'न्यूफाउंडलंड' या ब्रिटिश युद्धनौकेवर जाऊन बैठक घेतली. ऑक्टोबरात पंतप्रधान डडली सेनानायके पायउतार झाले. बांगलादेशात हाच शब्द पक्षांनी इतका झिजवला की तिथे हरताळ म्हणजे सत्ताधाऱ्याला गुडघ्यावर आणण्याची नेहमीची खेळी. कामगारांच्या संपाला मात्र बंगालीत 'धर्मघट' म्हणतात, आणि त्या शब्दात दुकान नाही, कुलूप नाही, घट म्हणजे घडा आहे. हिंदी-उर्दूने तर हड़ताल पार पातळ केला. कारखान्यातला संप हड़ताल, डॉक्टरांचा संप हड़ताल, आणि उपोषण म्हणजे भूख हड़ताल. कुलूप आता तोंडाला. तमिळने एवढा प्रवासच केला नाही. तिथे 'कडैयडैप्पु', सरळ 'दुकानबंद'.

आपल्याकडे संपाचीही अशीच एक गंमत आहे. गुजरातीत 'संप' म्हणजे एकोपा, सलोखा. 'संप त्यां जंप', म्हणजे एकी तिथे शांती, अशी तिकडे म्हण आहे. मराठीत तोच शब्द गिरणगावात काम थांबवण्यासाठी वापरला गेला, कारण काम थांबवायचं तर आधी एकी हवी. टिळकांना २२ जुलै १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि कापडबाजार बंद राहिला. एकाच दुःखात संप आणि हरताळ शेजारी उभे होते आणि दोघांचे कर्ते वेगळे होते. कामगाराकडे कुलूप नव्हतं, त्याने आपले हात काढून घेतले. व्यापाऱ्याकडे कुलूप होतं, त्याने ते लावलं. मालकाने कामगारावर उलटवलेलं कुलूप म्हणजे टाळेबंदी. गिरणगावाने तीही भरपूर पाहिली. २०२० साली आपण हाच शब्द महासाथीसाठी उसना घेतला. कुलूप लावण्याचा अधिकार मालकाकडून थेट सरकारकडे गेला, त्याबद्दल फारसं कोणी काही बोललं नाही.

इथे माझ्याच मांडणीला एक खिळा ठोकून ठेवतो. 'मूळ अर्थाकडे चला' असं म्हणणाऱ्याने आधी हे बघावं की मूळ अर्थात फक्त दुकानवालाच बसतो. हाट आणि टाळं दोन्ही ज्याच्याकडे आहे तोच हरताळ पाळू शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्यांनी आपल्या मागण्यांसाठी बाजार समित्यांतले लिलाव बंद ठेवले. तो शब्दशः हरताळ होता, स्वेच्छेचा, बिनदगडाचा, कायद्यात बसणारा. पण त्या बंद दाराबाहेर होता शेतकरी, आणि त्याचा कांदा सडत होता. उलट जून २०१७ मध्ये पुणतांब्यापासून सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनाला त्यांनी हरताळ म्हटलं नाही, संप म्हटलं. दुकान नसलेल्या माणसांनी संप हा शब्द घेतला, कारण काढून घेण्यासारखं त्यांच्याकडे श्रमच होते. भाषेची ही निवड मला कुठल्याही व्याख्येपेक्षा प्रामाणिक वाटते. रस्त्यावर ओतलेलं दूध मात्र वेगळं. आपलं स्वतःचं ओतलं तर तो निषेध आणि दुसऱ्याचा टँकर अडवून ओतलं तर ती सक्ती. कर्ता आणि कर्म एकाच्या मालकीचं आहे का, हीच कसोटी तिथेही लागू पडते.

आता महाराष्ट्रापुरतं. २८ जुलै २००३ ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला आणि ३० जुलैला शिवसेना-भाजपने मुंबई बंद पुकारला. बी. जी. देशमुख यांच्यासारखे निवृत्त सनदी अधिकारी आणि काही नामवंत मुंबईकर न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये दोन्ही पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला सांगितले. तो निकाल मला योग्य वाटतो, कारण तो घडून गेलेल्या गोष्टीबद्दल होता. सक्ती झाली, नुकसान झालं, ज्याने हाक दिली त्याने पैसे भरावेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खिरीत शेतकऱ्यांना चिरडल्याच्या घटनेविरुद्ध 'महाराष्ट्र बंद' पुकारला तो तर सत्तेतल्या तीन पक्षांनी. पोलीस ज्यांच्या हाताखाली, त्यांनीच दुकानदाराला सांगायचं की स्वेच्छेने बंद ठेवा. यातली 'स्वेच्छा' कोणत्या मापाने मोजायची?

ऑगस्ट २०२४ चं प्रकरण मात्र वेगळं आहे. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतर महाविकास आघाडीने २४ ऑगस्टला बंदची हाक दिली आणि आदल्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने कोणालाही बंद करण्यापासून रोखलं. नेते मग काळ्या पट्ट्या बांधून बसले. त्या निकालाला १९९७ चा आधार आहे, हे खरं. तरीही मला तो अस्वस्थ करतो. इथे दगड पडायच्या आधी, काच फुटायच्या आधी, हाक देण्यालाच मनाई झाली. चार दिवसांपूर्वी बदलापूरकर स्वतःहून रुळांवर उतरले होते. राज्यातल्या किती दुकानदारांना त्या दिवशी आपणहून शटर खाली ओढावंसं वाटत होतं, हे आता कधीच कळणार नाही. मोटारसायकलींचा ताफा दुकानदाराचं मत गिळतो आणि आधीच दिलेला मनाईहुकूमही तेच करतो.

तेव्हा मनाई सक्तीला हवी, आवाहनाला नको. यासाठी नवा कायदाही लागत नाही. शटर जबरदस्तीने खाली ओढायला लावणं हा आजही गुन्हा आहे आणि आंदोलनातल्या नासधुशीची भरपाई आयोजकांकडून वसूल करण्याची तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच घालून दिली आहेत. अडचण एवढीच की ही तत्त्वं जळालेली बस आणि फुटलेली काच ओळखतात. न उघडलेलं दुकान त्यांना दिसत नाही, आणि ज्याच्याकडे दुकानच नाही तो तर अजिबात दिसत नाही.

बंदच्या दिवशी सगळ्यात आधी उचलल्या जातात त्या हातगाड्या. वडापाववाला, केळीवाला, चौकातला चावीवाला, मजूर अड्ड्यावर कुदळ-घमेलं घेऊन सकाळी सातला उभा राहणारा बिगारी. यांतल्या कोणाकडे लावायला टाळं नाही, त्यामुळे हरताळ पाळायची चैन त्यांना परवडत नाही आणि तसा पर्यायही नाही. किराणावाला फटीतून दोन किलो साखर विकू शकतो, गाडीवाल्याला फट नसते. भरपाईचा दावा लावायचा तर दुकानदार जीएसटीची विवरणपत्रं काढून दाखवेल की त्या वाराला एरवी एवढी विक्री होते. गाडीवाला काय दाखवेल? यावर मला एकच धडपणे अमलात येण्यासारखा उपाय दिसतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली ज्यांची नोंद आहे, त्या प्रत्येकाला सक्तीच्या बंदच्या दिवसाची ठोक रक्कम, किमान वेतनाच्या दराने, हाक देणाऱ्या पक्षाच्या खात्यातून मिळावी. पुरावा एवढाच, की त्या दिवशी त्या प्रभागात जबरदस्तीचा गुन्हा नोंदला गेला. पोलीस तो नोंदतील का, हा पुढचा प्रश्न आहेच. आणि आपल्या शहरांनी या विक्रेत्यांची सर्वेक्षणं इतकी वर्षं रखडवली आहेत की ज्यांना पैसे द्यायचे त्यांची यादीच अनेक ठिकाणी पुरी नाही. सुरुवात तिथून करावी लागेल.